काचेतला फायटर आणि पाळणाऱ्याचे ऋण

बेटा हा गोड्या पाण्यातला मासा मूळचा थायलंड आणि शेजारच्या देशांतला. भातखाचरे, दलदल, गवताने भरलेली डबकी आणि संथ ओहोळ हे त्याचे घर. मराठी घरांत आणि दुकानांत त्याला ‘फायटर’ म्हणतात, कारण दोन नर समोरासमोर आले की कल्ल्यांची झाकणे फुगवून एकमेकांवर तुटून पडतात. या स्वभावापायी सयाममध्ये, म्हणजे जुन्या थायलंडमध्ये, त्याच्या झुंजी लागल्या, झुंजींवर पैजा लागल्या आणि जिंकणाऱ्या नरांची वीण पिढ्यान्‌पिढ्या निवडली गेली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार माणसाने त्याला पाळीव करायला सुरुवात करून किमान १००० वर्षे झाली. ‘बेटा स्प्लेन्डेन्स’ हे शास्त्रीय नाव टेट रीगन यांनी १९१० मध्ये दिले, आणि थायलंडने २०१९ मध्ये त्याला राष्ट्रीय जलचराचा मान दिला. दुकानात दिसणारा निळा-तांबडा, झुलत्या लांब परांचा मासा हा रानातल्या मातकट, आखूड परांच्या माशाचा माणसाने घडवलेला वंशज आहे.

असा मासा घरात पाळावा की नाही, हा धर्मप्रश्न थळसारख्या गावात विशेष अवघड होतो. अलिबागच्या उत्तरेला समुद्राला लागून असलेल्या या गावाचा दिवस होड्यांवर चालतो. समोरच्या पाण्यात शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये बांधायला घेतलेला खांदेरी किल्ला आणि त्याच्या शेजारचा उंदेरी उभे आहेत. खांदेरीवरच्या वेताळाला कोळी लोक मानतात, नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देतात. जून-जुलैच्या बंदीत होड्या किनाऱ्यावर असतात. बाकीचे महिने डोल जाळ्यांतून जवळा, बोंबील, मांदेली यांचे ढीग येतात आणि वाळूवर, बांबूंवर सुकतात. मासा इथे अन्न आहे, मजुरी आहे, मुलीच्या लग्नाचा खर्च आहे. अशा गावातल्या एखाद्या घरात शोकेसवर काचेचे भांडे असेल आणि त्यात बोटभर मासा फिरत असेल, तर त्याच्या सुखदुःखाची चौकशी ही रिकामटेकडी चैन वाटणे साहजिक आहे. पहाटे टोपलीभर मासे मारायचे आणि संध्याकाळी एकाच्या पाण्याची काळजी करायची, हा दुटप्पीपणा नव्हे काय?

तो तसा नाही, आणि का नाही हे समजले की निम्मा प्रश्न सुटतो. जाळ्यात येईपर्यंत बोंबील स्वतःचे आयुष्य जगलेला असतो. त्याने अन्न शोधले, शत्रू चुकवला, थव्याबरोबर प्रवाहात फिरला. कोळी त्याच्या आयुष्याचा फक्त शेवट ठरवतो. पाळणारा शेवट सोडून बाकी सर्व ठरवतो: पाणी किती, उष्ण की गार, खायला काय आणि कधी, दिवा किती वाजता मालवायचा, समोर कोण दिसायचे. माशाच्या स्वतःच्या वाटा त्याने बंद केलेल्या असतात, आणि बंद केलेल्या प्रत्येक वाटेमागे त्याच्यावर एक देणे चढते. मारणाऱ्याचा दोष मोठा की पाळणाऱ्याचा, ही तुलना त्यामुळे फारशी कामाची नाही. दोघांचे व्यवहारच वेगळे आहेत. मासेमारीचा विचार अहिंसेच्या आणि उपजीविकेच्या प्रकरणात करावा लागतो. मासा पाळण्याचा विचार ऋणाच्या प्रकरणात.

ऋण किती, हे माशाच्या शरीरावरून ठरते. बेटाच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर घड्याघड्यांचे एक इंद्रिय असते. त्याच्या साह्याने तो पृष्ठभागावर येऊन थेट हवा घेतो. कोकणातल्या शेतांत सापडणारा मरळही अशीच हवा घेतो, म्हणून पाणी आटत आलेल्या डबक्यातही तो तग धरतो. बेटाची ही सोय त्याच्याच मुळावर आली आहे. हवेच्या पंपाशिवाय तो मरत नाही, हे दुकानदारांनी हेरले आणि प्लास्टिकच्या पेल्यात, पिशवीत, लोणच्याच्या बरणीएवढ्या भांड्यात तो विकला जाऊ लागला. पेल्यात जिवंत राहणे आणि पेल्यात जगणे यांत मोठे अंतर आहे. भातखाचरातले पाणी उथळ असते, पण पसरलेले असते. तिथे नर आपली हद्द धरून राहतो आणि पाण्याच्या वरच्या थरात बुडबुड्यांचे घरटे बांधतो. मादीने अंडी घातली की ती तोंडात घेऊन घरट्यात ठेवणे, खाली पडलेले पिल्लू पुन्हा वर नेणे, राखण करणे ही सगळी कामे नराची. भांड्यात एकटा असलेला नरही अनेकदा असे घरटे बांधतो. पाळणारे त्याला ‘मासा खुश आहे’ असे समजतात. वास्तविक ते त्या प्राण्यात अजून टिकून असलेल्या रानाचे लक्षण आहे.

दुसरी गोष्ट पाण्याची. माशाच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया बाहेर पडतो, उरलेले खाद्य कुजूनही तो तयार होतो. मुरलेल्या टाकीत एका जातीचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्राइटचे नायट्रेट. नायट्रेट त्या मानाने सौम्य असते आणि थोडे थोडे पाणी बदलून ते काढता येते. ही साखळी तयार व्हायला काही आठवडे लागतात, आणि छोट्या भांड्यात ती टिकत नाही. थळला अमोनिया हा शब्द परका नाही. राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा इथला कारखाना नैसर्गिक वायूपासून अमोनिया आणि त्यापासून युरिया बनवतो. गावातल्या किती तरी घरांची चूल ज्या रसायनावर पेटते, तेच शोकेसवरच्या माशाला बहुतेक वेळा मारते, हा योगायोग नोंदवण्यासारखा आहे. नळाच्या पाण्यातला क्लोरीन कल्ले जाळतो. किनाऱ्याजवळच्या विहिरीचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होऊ शकते. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पाणी गार पडते, आणि बेटाला साधारण २४ ते २८ अंशांची ऊब लागते. तेव्हा दहा-पंधरा लिटरांची झाकण असलेली टाकी, मंद गाळणी, थंडीत हीटर, लपायला झाड किंवा मडक्याचा तुकडा, क्लोरीन काढलेले पाणी ही त्याच्यासाठी चैन नव्हे. ते त्या ऋणाचे मुद्दल आहे.

मासा भांड्यात ठेवण्याची भारतीय परंपरेतली सर्वात जुनी गोष्ट शतपथ ब्राह्मणात येते. सकाळी हात धुताना मनूच्या ओंजळीत एक लहान मासा आला. तो म्हणाला की मला सांभाळ, पुढे मी तुला तारीन. लहान असेपर्यंत मोठे मासे आम्हाला गिळतात, म्हणून मला आधी घड्यात ठेव. घडा पुरेनासा झाला की खड्डा खणून त्यात ठेव. तोही पुरेना झाला की समुद्रात सोड. मनूने तसे केले, आणि पुढे प्रलयात त्या माशाने त्याची नाव ओढली. महाभारताच्या वनपर्वात ही गोष्ट पुन्हा येते. तिथे रांजण, विहीर, गंगा आणि मग समुद्र असा प्रवास आहे. पुढे मत्स्यपुराणाने माशाला विष्णूचा अवतार केले आणि कीर्तनकारांनी प्रलयावर भर दिला. प्रलयाच्या गर्जनेत घडा मागे पडला.

तो घडाच इथे महत्त्वाचा. या गोष्टीत तीन अटी आहेत. एक, आश्रय माशाने मागितलेला आहे, आणि कारणही सांगितले आहे: मोठ्याने लहानाला खाण्याचा जो मत्स्यन्याय कौटिल्याने पुढे राज्यशास्त्रात वापरला, त्यापासून संरक्षण. दोन, भांडे माशाच्या मापाने वाढत जाते. मासा भांड्याच्या मापाने खुरटत नाही. तीन, सांभाळण्याचा शेवट सोडण्यात आहे. मनू हा पालक आहे, मालक नाही. घरातला बेटा यांपैकी एकाही अटीत बसत नाही. त्याने काही मागितलेले नाही, त्याचे भांडे दुकानातून आले त्याच मापाचे राहते, आणि त्याला सोडायला समुद्र नाही. ही तिसरी उणीव मात्र पाळणाऱ्याच्या दुष्टपणातून आलेली नाही. हजार वर्षांच्या निवडीने बेटाचे रान त्याच्यापासून तोडले आहे. लांब परांचा नर उघड्या पाण्यात धड पोहू शकत नाही, बगळ्याला दुरूनही दिसतो. म्हणून मनूची कथा जशीच्या तशी आदर्श म्हणून लागू करता येत नाही. तिच्यातली दुसरी अट तेवढी आजच्या घरात पाळता येते.

खुद्द अलिबाग-पेणच्या खारेपाटात मनूच्या खड्ड्याचा एक ऐहिक अवतार आहे. तिथले शेतकरी खाडीतून जिताड्याची पिल्ले आणून घराजवळच्या तळ्यात सोडतात आणि मोठी झाल्यावर खातात, पाहुण्याला देतात. तळे मोठे, पाणी ओळखीचे, खाणेही बरेचसे तिथलेच. शेवट ताटात होतो, हे खरे. पण जिताडा तोवर मासा म्हणून जगतो. ऋणाच्या हिशेबात पेल्यातल्या जिवंत फायटरपेक्षा तळ्यातला मारून खाल्लेला जिताडा कमी थकबाकी ठेवतो, असे म्हणावे लागते. शाकाहारी वाचकाला हे रुचणार नाही, पण हिशेब तसाच आहे.

अहिंसेचा सर्वात काटेकोर विचार जैनांनी केला, आणि त्यात कोंडण्याला स्वतंत्र जागा आहे. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात गृहस्थाच्या अहिंसाव्रताचे पाच अतिचार, म्हणजे व्रताला लागणारे दोष, दिले आहेत: बंध, वध, छेद, अतिभार लादणे आणि अन्नपाणी रोखणे. वधाच्या, म्हणजे इथे मारझोडीच्या, आधी बांधणे येते, हे लक्षणीय आहे. टीकाकारांनी व्यवहार ओळखून सूट दिली: कारण असेल तर जनावर बांधावे, पण गाठ अशी सैल असावी की आग लागली तर त्याला सुटता यावे. काचेच्या टाकीला सैल गाठ नसते. जैन आचारशास्त्रात श्रावकाला वर्ज्य अशा १५ व्यवसायांतही एक ‘असतीपोषण’ नावाचा आहे. हेमचंद्रांनी त्यात पोपट, मैना, मांजर, कुत्रा, कोंबडा, मोर असे प्राणी कमाईसाठी पाळणे धरले. मासा त्या यादीत नाही, पण कमाईसाठी जीव पोसण्याबद्दलचा त्यामागचा नकार ओळखू येतो.

बेटाच्या बाबतीत या विचाराला एक गाठ बसते, तिची चर्चा शाकाहारी घरांत सहसा होत नाही. हा मासा मांसाहारी आहे. रानात तो डासांच्या अळ्या, पाणकिडे, बारीक कवचधारी जीव खातो. दुकानातल्या गोळ्यांमध्येही बहुधा माशांचे पीठ असते, आणि ते पीठ एखाद्या किनाऱ्यावरच्या जवळ्यासारख्याच बारीक मासळीचे असते. म्हणजे कांदाही न खाणाऱ्या घरात फायटर आला की त्याच्या तोंडून जीवहत्या घरात येते. भाताची शिते आणि पोळीचे तुकडे टाकून हा पेच सोडवण्याचा प्रयत्न होतो. तो सुटत नाही; मासा सुजतो, पाणी कुजते आणि अन्नपाणी रोखण्याचा पाचवा अतिचार नकळत घडतो. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसेच्या विवेचनात ज्ञानदेवांनी असल्याच विसंगतीवर बोट ठेवले आहे: एका जीवाच्या रक्षणासाठी दुसरे जीव खर्ची घालणारे यज्ञ आणि वैद्यक यांची अहिंसा ही झाडाच्या फांद्या तोडून त्याच झाडाला कुंपण करण्यासारखी आहे. त्याच ठिकाणी अहिंसक माणसाच्या चालीला त्यांनी पाण्यात लाट न मोडता पाऊल टाकणाऱ्या बगळ्याचा दाखला दिला आहे. बगळ्याचा तो हळुवारपणा आमिषावर डोळा ठेवून आलेला असतो, हे ज्ञानदेवांना ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? उपमा पावलापुरती आहे. तरी भांड्याजवळ अलगद येणाऱ्या, काचेवर टिचकी न मारणाऱ्या सौम्य पाळणाऱ्याने ती स्वतःच्या बाबतीत थोडी पुढे नेऊन पाहायला हरकत नाही.

थळच्या अगदी शेजारी नवगाव आहे. बेने इस्राएल या यहुदी समाजाच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज जहाज फुटून याच किनाऱ्याला लागले, आणि त्यांचे जुने दफनस्थान तिथे आहे. या समाजाचा इतिहास लिहिणारे हाईम सॅम्युएल केहिमकर यांच्या आडनावातच जवळचे किहीम आहे. समाजाच्या धर्मओळखीची कथाही माशावर उभी आहे. डेव्हिड रहाबी नावाच्या यहुदी पाहुण्याने (त्याच्या काळाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही) घरातल्या बायकांपुढे सरमिसळ मासे ठेवले. त्यांनी पर आणि खवले असलेले मासे शिजवायला घेतले आणि बाकीचे बाजूला काढले. त्यावरून त्याने ओळखले की हे लोक आपले. यहुदी धर्मशास्त्र कोणता मासा खावा हे सांगते, तसे प्राण्याला विनाकारण यातना देऊ नयेत असेही सांगते. आपल्या जेवणाआधी आपल्या जनावरांना खाऊ घालावे, आणि खाण्याची तरतूद केल्याशिवाय जनावर विकतच घेऊ नये, हे तालमुदमधले दंडक आहेत. शब्बाथला कामे बंद असली तरी आपल्यावर अवलंबून असलेल्या जनावराचे खाणे बंद नसते. इथे पाळण्यावर बंदी नाही. पाळण्याचा क्रम ठरवलेला आहे. आधी तरतूद, मग प्राणी, आणि दररोज आधी त्याचे ताट.

इस्लामी परंपरेत दोन हदीस या प्रश्नावर नेहमी पुढे येतात. अबू उमैर नावाच्या लहान मुलाने एक चिमणीएवढा पक्षी पाळला होता, आणि पैगंबर त्याची थट्टेने विचारपूस करत. त्यावरून अनेक धर्मशास्त्रज्ञांनी निष्कर्ष काढला की खाणेपिणे नीट असेल तर पक्षी पिंजऱ्यात ठेवणे वर्ज्य नाही. दुसरी कथा मांजर कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची. तिला नरकाची शिक्षा झाली, आणि कारण दुहेरी दिले आहे: तिने मांजराला खायलाही दिले नाही, आणि जमिनीवरचे जीव स्वतः शोधून खायला मोकळेही सोडले नाही. या दुसऱ्या कलमात प्रश्नाचे मर्म आले आहे. मोकळ्या मांजराला खायला न घालणे हा गुन्हा नाही. कोंडलेल्याला न घालणे हा आहे. कोंडल्यामुळेच उपासमार पाळणाऱ्याच्या खात्यावर जमा होते.

बौद्ध विचार एक पाऊल मागे, दुकानापर्यंत जातो. उपासकाने करू नयेत अशा पाच व्यापारांत शस्त्र, मांस, मद्य आणि विष यांच्याबरोबर जिवंत प्राण्यांचा व्यापार आहे. मासा घरात आल्यावर त्याचे किती लाड होतात, हा प्रश्न तिथे दुय्यम ठरतो. त्याची खरेदी ज्या साखळीतून होते ती साखळीच तपासावी लागते. एका विणीत बेटाची काहीशे पिल्ले निघू शकतात. नर वयात आले की त्यांना एकमेकांपासून वेगळे करून एकेका बाटलीत ठेवावे लागते. दुकानात मागणी झुलत्या परांच्या नरांना असते. साध्या दिसणाऱ्या माद्या आणि रंग न धरलेले नर उरतात, आणि उरलेल्यांचे काय होते हे गिऱ्हाईक विचारत नाही. झुंजीचा आणि या माशाचा देश मुख्यतः बौद्ध आहे, हेही लपवण्यात अर्थ नाही. धर्मग्रंथ आणि धर्म पाळणारे यांच्यात एवढे अंतर सगळीकडेच असते. अलिबागच्या किनाऱ्यावर शर्यतीत बैल पळवणाऱ्यांच्या घरीही बैल पुजला जातोच.

भारतीय कायद्याने हा विचार अर्धवट उचलला आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात प्राणी म्हणजे माणूस सोडून कोणताही जिवंत जीव, त्यामुळे मासा त्यात येतो. ज्या पिंजऱ्यात किंवा पात्रात प्राण्याला हालचालीला पुरेशी लांबी, रुंदी आणि उंची नाही, त्यात त्याला ठेवणे कलम ११ नुसार गुन्हा आहे, आणि प्राण्यांना झुंजीला चिथावणेही. करमणुकीसाठी दोन फायटरांचे पेले शेजारी ठेवून त्यांना फुगायला लावणाऱ्याने हे वाचावे. मूळ कायद्यात पहिल्या गुन्ह्याचा दंड १० ते ५० रुपये आहे. एवढ्यात आज बरा फायटरही मिळत नाही. दंड हास्यास्पद असला तरी तत्त्व स्पष्ट आहे: पात्राचे माप हा नैतिक प्रश्न आहे.

माशाला खरेच काही जाणवते का, ही शंका इथे घ्यावी लागते. २००३ मध्ये लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी ट्राउट माशांच्या ओठांत दाहक द्रव्य टोचून पाहिले. त्या माशांनी खाणे थांबवले, अंग डोलवले, ओठ खड्यांवर घासले. मॉर्फिन दिल्यावर ही लक्षणे कमी झाली. ब्रायन की यांच्यासारखे संशोधक म्हणतात की माशाच्या मेंदूत वेदना ‘जाणवायला’ लागणारी रचनाच नाही. वाद संपलेला नाही. २०२४ च्या न्यूयॉर्क जाहीरनाम्यात अनेक शास्त्रज्ञ आणि तत्त्वज्ञांनी एवढेच म्हटले की सर्व पृष्ठवंशी प्राण्यांत जाणिवेची वास्तव शक्यता आहे, आणि शक्यता असेल तर ती निर्णयात धरली पाहिजे. पाळणाऱ्यापुरता हा वाद तसा सोपा आहे. माशाला जाणवत नाही असे मानून मोठी टाकी घेतली नाही आणि ते मत चुकले, तर नुकसान माशाचे. जाणवते असे मानून टाकी घेतली आणि ते चुकले, तर नुकसान काही रुपयांचे.

आतापर्यंतचा विचार माशाकडून झाला. पुराणे पाळणाऱ्याकडूनही विचार करतात. विष्णुपुराणात सौभरी ऋषी पाण्यात राहून तप करत होता. तिथे एका मोठ्या माशाला पिल्लां-नातवंडांसह खेळताना पाहता पाहता त्याला संसाराची ओढ लागली, आणि तो मांधात्याच्या पन्नास मुलींशी लग्न करून बसला. भागवतातल्या राजा भरताने अनाथ हरणाचे पाडस वाढवले, मरताना त्याचाच ध्यास राहिला, आणि तो हरणाच्या जन्माला गेला. भरताची करुणा खोटी नव्हती, पाडसाची सेवाही चोख होती. दोष एवढाच की ज्याला सांभाळायचे त्याच्यावर त्याने स्वतःच्या एकटेपणाचा भार टाकला. काचेजवळ बसून दिवसाचा शीण घालवणाऱ्याला ही गोष्ट थोडी लागू पडते. पण बेटाच्या बाबतीत आसक्तीपेक्षा उदासीनता जास्त दिसते. पहिल्या पंधरवड्यात मुलांची गर्दी, नाव ठेवणे, फोटो. नंतर पाणी बदलायचे काम घरातल्या आईवर.

या उदासीनतेला वास्तूच्या नावाने एक सोयीचे पांघरूण मिळाले आहे. घरातला मासा मेला की ‘घरावरचे संकट त्याने आपल्या अंगावर घेतले’ असे सांगितले जाते आणि नवा मासा आणला जातो. बळीच्या बकऱ्याची कल्पना यात उघड आहे, फरक एवढा की बकरा कोणी मारला हे सर्वांना माहीत असते. इथे अमोनियाने मेलेल्या माशाला हुतात्मा ठरवून न बदललेले पाणी विस्मृतीत जाते. कर्मविपाकाच्या कोणत्याही गंभीर मांडणीत एकाच्या दुर्लक्षाचे फळ दुसऱ्याच्या मृत्यूने फिटत नाही. ही समजूत धर्म म्हणून खपते, पण ती धर्माचा हिशेबच उलटा करते: ऋणकोला धनको बनवते.

माशाशी जवळीक आणि मालकी या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता येतात, याची उदाहरणे रायगडातच आहेत. महाड तालुक्यात काळ नदीवर वाळणकोंड इथे डोहातले महाशीर मासे देवीचे मानले जातात. भाविक त्यांना खायला घालतात, पकडत कोणी नाही, आणि डोह नदीला जोडलेलाच राहतो. थळपासून जवळच किहीमला १९३० मध्ये सालिम अली यांनी सुगरणीच्या घरट्यांचे निरीक्षण केले. नर अर्धे घरटे विणतो, मादी येऊन पारखते, पसंत पडले तरच पुढचे काम होते, आणि एक नर अशी अनेक घरटी थाटतो, हे त्यांनी एकही पक्षी पिंजऱ्यात न ठेवता पाहिले. बेटाच्या नराचे घरटे पाहण्याची हौस ज्याला आहे, त्याला पहिल्या पावसात वलगणीचे मासे शेतात चढतात तेव्हा बांधावर उभे राहूनही बरेच दिसते. तरीही हे सगळे नव्या माशाच्या खरेदीविरुद्धचे युक्तिवाद झाले. जन्मून आधीच बाटलीत असलेल्या माशाला डोहही नाही आणि शेतही नाही. त्याला कोणीतरी नीट सांभाळणे हेच त्याच्या वाट्याचे सर्वात मोठे स्वातंत्र्य आहे. मागणीने पुढचा मासा जन्माला येतो आणि आजच्याला घर मिळते, हा पेच कोणत्याही शास्त्राने पूर्ण सोडवलेला नाही. दत्तक घेणे, म्हणजे कंटाळलेल्या माणसाकडून मासा घेणे, हा त्यातला सर्वात निर्दोष मार्ग.

सोडून देण्याने पुण्य लागते ही समजूत बेटाला घातक आहे. थळच्या समुद्रात टाकलेला गोड्या पाण्यातला मासा खारटपणाने अंगातले पाणी निघून जाऊन मरतो. विहिरीत किंवा तळ्यात टाकला तर तो स्वतः मरतो, किंवा त्याच्याबरोबरचे रोग तिथल्या माशांना लागतात. आजारी माशाचा प्रश्न त्याहून कठीण आहे. पोट फुगून खवले उभे राहिले की तो बहुधा वाचत नाही. १९२८ मध्ये साबरमती आश्रमात यातनांत तळमळणाऱ्या वासराला गांधीजींच्या संमतीने इंजेक्शन देऊन मारले गेले, तेव्हा त्यांच्यावर देशभरातून टीका झाली. त्यांनी बाजू मांडली ती अशी की आशा उरली नसेल, यातना असह्य असतील, सेवेचा दुसरा मार्ग नसेल आणि मारणाऱ्याचा स्वार्थ नसेल, तर प्राण घेणे हिंसा ठरत नाही. मत्स्यविज्ञानात भुलीसाठी लवंगतेलातले द्रव्य वापरतात, आणि जाणकाराच्या हातून त्याच्या जास्त मात्रेने माशाचा शेवट शांतपणे करता येतो. गांधीजींच्या अटींत चौथी सर्वात अवघड आहे. मे महिन्यात गावी जायचे आहे, पाणी बदलायचा कंटाळा आला आहे, मुलांचे लक्ष उडाले आहे, ही कारणे तिच्यात बसत नाहीत. निरोगी बेटा चार-पाच दिवस खाण्यावाचून सहज राहतो. त्याहून लांबच्या प्रवासाला शेजाऱ्याला चिमूटभर गोळ्यांची पुडी आणि सूचना देऊन जावे लागते, आणि सांभाळणे कायमचेच जमणार नसेल तर दुसरे घर सापडेपर्यंत टाकीचे पाणी बदलत राहावे लागते.